लेकराले कोण पाह्यते?

मी ज्या खोलीत काम करते तिच्या भिंतीपलीकडे इंग्रजीचा वर्ग भरतो. वर्गातल्या बहुतेक बाया लेकुरवाळ्या आहेत आणि त्यांची लेकरं वर्ग सुटेपर्यंत माझ्याजवळ असतात. मेलबर्न शहराच्या पश्चिमेला वेरिबी नावाचं उपनगर आहे, तिथली ही गोष्ट. पलीकडून एका सुरात वाक्यं म्हटल्याचा आवाज येतो. अलीकडे कुणी झोपेला आलेलं असतं, कुणी आईची वाट पाहत दाराशी उभं असतं. अलीकडची खोली उघडी असते म्हणून पलीकडची भरते. ही बंद राहिली तर तिथल्या खुर्च्या रिकाम्या पडतात, हे मी पाहिलेलं आहे आणि मला इथं तेच सांगायचं आहे.

ऑस्ट्रेलियात नव्यानं राहायला आलेल्या प्रौढ माणसांना सरकार इंग्रजी शिकवतं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून विस्थापित माणसं जहाजं भरभरून इकडं आली, तेव्हा १९४८ साली हे काम सुरू झालं. काही वर्ग जहाजावरच भरत, बाकीचे बोनेगिलासारख्या छावण्यांत. पुरुष कारखान्यांत कामाला लागले आणि तिथं बोलता बोलता बरंच शिकले. घरी लेकरं घेऊन बसलेल्या बायांना वर्गापर्यंत येणं जमेना. मग रेडिओवरून धडे झाले, टपालानं धडे गेले. १९७१ साली या शिक्षणाचा कायदा झाला. आता वर्गासोबत शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांचा सांभाळही सरकारच्याच खर्चानं होतो. इथं सगळे या कार्यक्रमाला ए.एम.ई.पी. म्हणतात. मी आधी त्याच्या वर्गात बसले आणि आता शेजारच्या खोलीत नोकरी करते.

मी मालेगावची. मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिककडचं यंत्रमागांचं गाव आठवतं. माझं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं, जुन्या माणसांच्या तोंडी मालेगाव जहांगीर. मी शाळेत जायला लागले तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा झाला. अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमला जाणारा रस्ता आणि मेहकरहून कारंज्याकडं जाणारा रस्ता आमच्या गावात भेटतात. शेतात सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा. रथसप्तमीला डव्ह्याला नाथ नंगे महाराजांची यात्रा भरते, तेव्हा सासरी गेलेल्या मुलीसुद्धा माहेरी येतात.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी राज्यात आलं ते २००० साली, आणि तोवर मी दहावीपर्यंत पोचले होते. शब्दार्थ पाठ असत. कर्तरीचं कर्मणी करायला सांगितलं तर मी पैकीच्या पैकी गुण घ्यायची. इंग्रजीत कुणाला साधं पाणी मागायची वेळ मात्र कधी आली नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालं, डी.एड. झालं. शिक्षकभरती २०१० च्या सीईटीनंतर वर्षानुवर्षं रखडली, तेव्हा मी तालुक्यातल्या एका खाजगी शाळेत मानधनावर शिकवत होते. शाळेला लागून बंजारा तांडा होता. तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी बोलत आणि शाळेत पहिलीत मराठीशी त्यांची पहिली भेट होई. महिन्या-दोन महिन्यांत ती मराठीत भांडायला लागत. आयांचं तसं नव्हतं. त्या निरोपासाठी शाळेत आल्या तर व्हरांड्याच्या खांबाशी थांबत, विचारलं की मान हलवत आणि निघून जात. या बायांना लेकरांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही, असं आमच्या शिक्षकांच्या खोलीत कुणी ना कुणी म्हणायचं. पुढं मेलबर्नला मुलाच्या शाळेच्या फाटकाशी मी तशीच उभी राहिले. विचारायचं खूप होतं. सुरुवात कुठून करावी ते उमगत नव्हतं. खांबाशी थांबणाऱ्या त्या प्रत्येक बाईच्या मनात किती प्रश्न असतील, याचा अंदाज मला तिथं आला.

आम्ही २०१४ साली इकडं आलो. नवरा मोटारींचा कुशल मेकॅनिक, त्याच्या कामाला इथं मागणी होती, त्यामुळं कायम राहण्याचा व्हिसा मिळाला. अशा व्हिसात सोबत येणाऱ्या जोडीदाराला कामापुरतं इंग्रजी येतं याचा पुरावा द्यावा लागतो. एकतर इंग्रजी माध्यमातलं शिक्षण, नाहीतर आयईएल्टीएस परीक्षेत सरासरी साडेचार गुण. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. पुरावा नसेल तर जास्तीचं शुल्क भरावं लागतं, पाच हजार डॉलरांच्या आसपास. रुपयांत ते अडीच लाखांच्या वर गेलं. सासऱ्यांनी तुरीचे पैसे दिले, थोडं कर्ज झालं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पण माझ्या डोक्यात तो आकडा बसून राहिला.

मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि मुलगी दोनची. मुलगा शाळेत जायला लागला आणि त्याची जीभ बघता बघता सुटली. मुलगी माझ्या कडेवर आणि मी घरात. थंडीच्या दिवसांत मुलीचा कान दुखायला लागला. नवरा कामावर, म्हणून मुलाला शाळेतून लवकर घेतलं आणि दोघांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर प्रश्न विचारत होत्या, माझा मुलगा मला मराठीत सांगत होता आणि माझं उत्तर त्यांना इंग्रजीत देत होता. मधेच डॉक्टरांनी मला माझ्या स्वतःच्या तब्येतीबद्दल, पाळीबद्दल विचारलं. त्यांना माझा चेहरा उतरलेला दिसला असावा. मुलाला तो प्रश्न कळला नाही आणि मला तो त्याच्या तोंडून ऐकायचा नव्हता. डॉक्टर क्षणभर थांबल्या. त्यांनी फोन उचलला, मराठी दुभाषी मागितली आणि मुलाला बाहेर चित्रांची पुस्तकं बघायला पाठवलं. फोनवर पलीकडून एक बाई स्वच्छ मराठीत बोलायला लागल्या आणि मी रडले.

ही दुभाष्यांची सरकारी सेवा १९७३ पासून आहे. १३१ ४५० हा तिचा क्रमांक आणि दीडशेहून जास्त भाषांत ती चालते. डॉक्टरांना खाजगी दवाखान्यातही तिचा खर्च पडत नाही. परदेशात असलेल्या प्रत्येक मराठी बाईला हा क्रमांक किंवा तिच्या देशातला असा क्रमांक पाठ हवा. पोरगं चुणचुणीत आहे, इंग्रजी फाडफाड बोलतं म्हणून त्याच्या तोंडून आईचं दुखणं वदवू नये. त्यानं आईची काळजी करायचं ते वय नसतं, आणि आईचं आईपण त्यात कमी होत जातं.

वर्गात नाव घातलं ते त्याच आठवड्यात. रात्री मालेगावला फोन केला.

“काय करून राह्यली वो बाई?”

“इंग्रजी शिकाले जातो आता, माय.”

“बरं झालं. पण तू शाळंत जाते तं लेकराले कोण पाह्यते?”

माझ्या मायला लिहिता-वाचता येत नाही. ती आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली आणि दुष्काळाच्या सालात रोजगार हमीच्या कामावर गेली. त्या कामावर लेकरं बरीच असली तर त्यांच्यासाठी एक बाई वेगळी ठेवत आणि तिला इतरांसारखीच हजेरी मिळे. आमच्याकडं ते काम एका म्हातारीकडं होतं. बाभळीला झोळ्या बांधलेल्या असत आणि ती आळीपाळीनं झोके देई. ती आली नाही त्या दिवशी निम्म्या बाया तगारी खाली ठेवून घरी जात, असं माय सांगते. म्हणूनच इंग्रजी म्हटल्यावर तिनं पुस्तकांचं, फीचं काही विचारलं नाही. बाई शिकते की नाही हे ज्या एका गोष्टीवर ठरतं, तेवढीच तिनं विचारली. मुलीला वर्गाशेजारीच सांभाळतात आणि पैसे पडत नाहीत, असं मी सांगितलं तर तिला ते खरंच वाटेना.

पहिल्या दिवशी माझी परीक्षा घेतली. वाचन आणि लेखनात मी बरीच पुढं, ऐकण्या-बोलण्यात अगदी खाली. माझ्या शेजारी कारेन बाई बसायची. कारेन लोक ब्रह्मदेशातले. तिथल्या लढाईतून पळून ते थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले आणि त्यांतली बरीच कुटुंबं वेरिबीच्या परिसरात वसली. तिचं माझ्या उलट होतं. छावणीत मदतकार्य करणाऱ्यांशी बोलून तिला तोडकंमोडकं बोलता यायचं, कुणासमोर ती अडायची नाही, पण अक्षरओळख नव्हती. शिक्षिकेनं आम्हा दोघींची जोडी लावली. मी तिला फळ्यावरचं वाचून दाखवी आणि ती मला बोलायला लावी. दुकानात भाजीचा भाव विचारायचा पाठ असेल तर मी मनात आधी पूर्ण वाक्य जुळवायची, क्रियापद तपासायची. तोवर तिचे तीन प्रश्न विचारून व्हायचे. व्याकरण चुकलं म्हणून कुणी भाजी द्यायचं थांबत नाही, हे मला तिच्या शेजारी बसून पटलं.

वर्गात गोष्टी किंवा कविता फारशा नव्हत्या. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचणं, शाळेची सूचना वाचणं, घरमालकाला नळ गळतो म्हणून सांगणं, मुलगा आजारी आहे असा शाळेत फोन करणं, आग लागली तर शून्य-शून्य-शून्य फिरवून पत्ता सांगणं, हाच अभ्यासक्रम. मला सगळ्यांत अवघड गेला तो फोन. समोर माणूस असला की त्याचे हात, चेहरा, ओठ मदत करतात. फोनवर फक्त आवाज. त्यात आपण मराठी माणसं ‘व’ एकच बोलतो आणि यांचे दोन, एक दातांनी आणि एक ओठांनी. आडनाव सांगताना मी एक म्हणायची, पलीकडचा दुसराच लिहायचा. आमच्या शिक्षिकेनं आरसा देऊन खालचा ओठ दातांखाली धरायला शिकवलं. सकाळी मुलाचा डबा भरताना मी तो सराव करायची.

त्या काळी प्रत्येकाला ५१० तास मिळत. आठवड्याला वीस तास धरले तर सहा महिन्यांत ते संपतात. ज्याचं शिक्षण इंजिनिअरिंगपर्यंत झालंय त्याला ते पुरतही असतील. माझ्या कारेन मैत्रिणीला अक्षरं गिरवण्यातच निम्मे गेले. २०२१ साली सरकारनं ही तासांची मर्यादा काढून टाकली. ते फार आधी व्हायला हवं होतं. भाषा शिकायला लागणारा वेळ माणसामाणसागणिक वेगळा असतो, आणि सगळ्यांत जास्त वेळ ज्यांना हवा त्या बहुधा आयाच असतात, कारण त्यांचा अभ्यास लेकरं झोपल्यावर सुरू होतो.

तास संपत आले तेव्हा शिक्षिकेनं विचारलं, पुढं काय? माझं डी.एड. इथं कामाचं नव्हतं. बालसंगोपनाचं सर्टिफिकेट तीन नावाचं शिक्षण घेता येतं, आणि लहान मुलांबरोबरचं काम तर मी केलेलंच होतं. त्यात त्या वेळी १२० तास प्रत्यक्ष केंद्रात काम करायची अट होती. प्रथमोपचार शिकावे लागले. दमा आणि ॲलर्जीचा झटका आला तर काय करायचं, तेही त्यातच. मुलांसोबत काम करायला पोलिस-तपासणी होऊन मिळणारं कार्ड लागतं, ते काढलं. आणि मी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीत कामाला लागले.

माझं इंग्रजी खरं वाढलं ते या खोलीत. इथं नियम आहे की तीन वर्षांखालच्या चार मुलांमागं एक मोठं माणूस हवं, त्यापुढं अकरा मुलांमागं एक. म्हणजे चार लेकरं दिवसभर माझी. त्यांना मी सांगायची ते अगदी लहान वाक्यात आणि दिवसातून कितीतरी वेळा तेच ते. हात धुऊया. टोपी घाल. तिला दुखलं, बघ. आता तुझी पाळी. दोन वर्षांचं मूलही तीच भाषा नव्यानं शिकत असतं. मी बोलले की ते म्हणायचं आणि ते म्हणालं की पुन्हा मी म्हणायची. माझा उच्चार चुकला म्हणून त्यांतलं कुणी कधी थांबलं नाही. त्यांना माझा आवाज हवा होता, मांडी हवी होती. मोठ्या माणसांसमोर माझा घसा कोरडा पडायचा. या मुलांसमोर तो मोकळा झाला आणि हळूहळू मोठ्यांसमोरही.

लिहिणं शिकवलं ते अपघाताच्या फॉर्मनं. मूल पडलं, कुणी चावलं, बोट दारात आलं की त्याच दिवशी लिहून आई-बापाची सही घ्यावी लागते. किती वाजता, कुठं, कोणी पाहिलं, डावा गुडघा की उजवा, जखम केवढी, बर्फ लावला की नुसतं धुतलं. कागदावर मुलाच्या शरीराची आकृती असते, तिच्यावर खूण करायची. आपला तर्क लिहायचा नाही, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. माझ्याबरोबरच्या एक ज्येष्ठ सहकारी माझा प्रत्येक फॉर्म आधी वाचत, पेन्सिलीनं दुरुस्त करत आणि मग मी शाईनं उतरवी. पुढं पुढं त्यांची पेन्सिल कमी चालायला लागली. शाळेत शिकलेलं कर्मणी मला तिथं पहिल्यांदा उपयोगी पडलं.

काही वर्षांनी वर्गाशेजारच्या खोलीत जागा निघाली आणि मी ती मागून घेतली. इथं येणारं मूल घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेलं असतं आणि आईही. दोघांना इथली भाषा येत नसते. साध्या पाळणाघरात मूल रडलं तर निदान आई समजावून सांगू शकते की याला अमुक गाणं लागतं, पाण्याचा पेला लाल लागतो. इथं आईला तेही सांगता येत नाही. म्हणून आम्ही आईकडून तिच्या भाषेतले पाच-सहा शब्द घेतो: पाणी, झोप, भूक, दुखतंय, आई येईल. कागदावर लिहून भिंतीला लावतो, उच्चारासकट. तिच्या आवाजातली अंगाई केंद्राच्या टॅबवर घेऊन ठेवतो. शिक्षणखात्याची बालशिक्षणाची मार्गदर्शिकाही सांगते की मुलाची घरची भाषा खोलीत आली पाहिजे. आम्ही ते मनापासून करतो, कारण त्याशिवाय मूल थांबत नाही आणि मूल थांबलं नाही तर आई वर्गात बसत नाही.

खटके उडतात ते भाषेपेक्षा सवयींवरून. आपल्याकडच्या आया लेकराला भरवतात, इथं दीड वर्षाच्या मुलाच्या हाती चमचा देतात. आईला वाटतं लेकरू उपाशी राहिलं. सहकाऱ्यांना वाटतं, मूल मोठं झालं तरी हिनं त्याला शिकवलं नाही. मी मधे पडते. पहिले काही दिवस मी शेजारी बसून दोन घास भरवते, दोन त्याचे त्याला घेऊ देते आणि संध्याकाळी आईला दाखवते की किती संपलं. झोपेचे नियम त्याहून कडक. बाळ पाठीवरच निजवायचं, उशी नाही, तोंडावर पांघरूण नाही, गळ्यात काही नाही. एका तेलुगू आईनं बाळाच्या गळ्यातला काळा दोरा काढायला नकार दिला. माझ्या सहकारी नियम वाचून दाखवत होत्या आणि ती पोराला घेऊन निघालीच होती. मी तिला बाजूला घेतलं आणि माझ्या मुलीलाही असाच दोरा होता म्हणून सांगितलं. झोपेत तो दोरा अडकला तर श्वास कोंडतो, म्हणून इथं भीती वाटते, हे समजावलं. इथं असेपर्यंत दोरा तुझ्या पर्समध्ये, घरी गेल्यावर पुन्हा बांध, असं सुचवलं. ती थांबली. सगळं आम्ही दोघी आमच्या अर्ध्या-कच्च्या इंग्रजीतच बोललो. नियम तोच राहिला, पण तिच्या भीतीलाही कुणीतरी मान दिला होता.

आणि मग २०२० आलं. मेलबर्ननं सहा टाळेबंद्यांत मिळून २६२ दिवस घरात काढले. इंग्रजीचे वर्ग मोबाइलवर गेले, सांभाळण्याची खोली बंद झाली. वर्गाच्या शिक्षिका सांगत की सुरुवातीला पडद्यावर सगळ्या बाया दिसायच्या, मग हळूहळू एकेकीचा चौकोन काळा व्हायला लागला. मांडीवर एक, पाठीवर एक, तिसऱ्याची शाळाही त्याच फोनवर. अशात कोण क्रियापदं शिकणार? पुरुष विद्यार्थी बरेचसे टिकले. आया गळाल्या. शिक्षिका त्याच होत्या, पुस्तकं तीच, वर्गही मोबाइलवर का होईना चालू होता. बंद होती ती फक्त माझी खोली. त्या महिन्यांत मला माझ्या कामाची किंमत कळली, आणि मायच्या प्रश्नाचीही.

त्याच टाळेबंदीत एका मैत्रिणीनं पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ वाचायला दिली. पार्वतीबाई कोकणातल्या, विसाव्या वर्षी विधवा झाल्या. महर्षी कर्व्यांच्या पत्नी या त्यांच्या थोरल्या बहीण. हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी गोळा करत. इंग्रजी येत नाही ही अडचण त्यांना जागोजाग भासे. म्हणून पन्नाशीच्या तोंडावर, १९१८ साली, त्या अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी मोलकरणीचं काम केलं आणि काम करता करता इंग्रजी शिकल्या. मी ते पुस्तक वाचताना फार वेळा थांबले. शंभर वर्षांपूर्वी एक मराठी आई अमेरिकेत भांडी घासत इंग्रजी शिकत होती, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

पार्वतीबाई जाऊ शकल्या तेव्हा त्यांचा मुलगा मोठा झालेला होता. पंडिता रमाबाईंचं तसं नव्हतं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती, माझी मुलगी होती तेवढीच. वाँटेजच्या मठात रमाबाई इंग्रजी शिकल्या, पुढं चेल्टनहॅमला शिकल्या आणि शिकवू लागल्या. चारच वर्षांनी, १८८७ साली, त्यांचं हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत छापून निघालं. त्यांची बुद्धी असामान्यच होती. पण मनोरमेला सांभाळायला वाँटेजच्या मठातल्या भगिनी होत्या, हेही आपण सांगायला हवं. रमाबाईंच्या विद्वत्तेवर आपण व्याख्यानं देतो आणि ते पोरगं कोणाजवळ होतं, हे विचारत नाही.

माझी मुलगी आता माझ्याहून चांगलं इंग्रजी बोलते आणि घरी मराठी. तिच्या आजीशी फोनवर तर ती थेट वऱ्हाडीत बोलते, त्याचा मला फार आनंद आहे. आईला इंग्रजी आलं की घरातली मराठी जाते, अशी भीती मी पुष्कळ घरांत ऐकते. मी उलट पाहिलंय. ज्या आईला बाहेर अडत नाही ती घरात आपली भाषा ताठ मानेनं बोलते. जिला बाहेर प्रत्येक ठिकाणी पोराचा आधार लागतो, तिच्या भाषेचा पोराला संकोच वाटायला लागतो.

आता मालेगावकडं. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा साक्षरतेचा कार्यक्रम २०२२ पासून आहे. त्यात पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात आणि परीक्षाही होते. आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवर, शेतमजुरांच्या वस्त्यांवर ज्या बायांना तो वर्ग हवा आहे, त्यांच्या कडेवर लेकरू आहे. माझी भावजय शिक्षिका आहे, तिला मी गेल्या खेपेला हेच सांगून आले: तुम्ही दोघी जणी जा. एकीनं शिकवायचं आणि दुसरीनं अंगणात लेकरं सांभाळायची, आणि दुसरीचं काम पहिलीपेक्षा हलकं समजायचं नाही. तांड्यावर गोरमाटी येणारी एखादी मुलगी मदतीला घ्या. शाळेतल्या खांबाशी उभ्या राहणाऱ्या बाया खाली येऊन बसतील.

आणि ज्यांच्या मुली-सुना परदेशी निघाल्या आहेत त्या घरांना माझी विनंती आहे. तिच्या बॅगेत लोणची-पापड द्या, पण जाण्याआधी नवऱ्याकडून एवढं कबूल करून घ्या की पहिल्या सहा महिन्यांत ती भाषेच्या वर्गात जाईल आणि त्या वेळात लेकराची सोय कुठं आहे ते तो शोधील. ऑस्ट्रेलियात कायमच्या व्हिसावर आलेल्या आणि इंग्रजी कच्चं असलेल्या बाईला या वर्गासाठी फी पडत नाही, तासांची मर्यादा नाही, आणि शाळेआधीच्या वयाचं मूल असेल तर ते सोबत घेऊन यायचं आहे.